आता पुढची कोणती?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या फाटकावर परवा पुनर्विकासाचा फलक लागला. त्या इमारतीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेले मी कित्येक वर्षे येता-जाता पाहत आलो आहे. दुपारी बँकेतून परतताना पाहिले, तर ताडपत्री नाहीशी झाली होती (पावसाळ्याच्या तोंडावर ती एखाद्या गळक्या खिडकीवर गेली असणार) आणि तिच्याखाली इतकी वर्षे दडलेली स्टँडर्ड हेराल्ड उघड्यावर उभी होती. चारही टायर बसलेले, पुढची काच शाबूत, बॉनेटवरच्या धुळीत मांजराच्या पावलांची एक तिरकी ओळ.

घरी आमची पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर फियाट, नुकतीच आरटीओतून पासिंग होऊन आली आहे. तिचे इंजिन बोअर करून झाले, पत्रा झाला, रंग झाला, सीटांवर नवे रेक्झिन चढले. आता रविवारी सकाळी तिला घोडबंदर रस्त्याने गायमुखापर्यंत फिरवून आणणे एवढेच उरले आहे, आणि त्याला काही काम म्हणत नाहीत. ज्यांना जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्याचा हा नाद आहे त्यांना वेगळे सांगायला नको की गाडी पूर्ण झाली की चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवसापासून माणूस रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गंजक्या गाडीकडे वधूपित्याच्या नजरेने पाहू लागतो. घरी अद्याप ही गोष्ट कळवलेली नाही.

हेराल्डचा मोह तसा जुनाच आहे. मूळची ती इंग्लंडची ट्रायम्फ. तिचे रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉती यांनी रेखाटलेले. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड कंपनीत तयार होऊ लागली आणि इंग्रजांनी जी बंद छपराची सलून मोटार दोन दारांवर भागवली तिला आपल्याकडे पुढे चार दारे मिळाली, कारण आपल्याकडे मागच्या सीटवर आजी बसते. तिचे बॉनेट म्हणजे नुसते झाकण नव्हे. दोन्ही मडगार्ड आणि दिवे यांच्यासकट गाडीचा पुढचा सबंध भाग पुढे कलतो, इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते आणि मिस्त्रीला पुढच्या टायरवर बैठक मारून निवांत काम करता येते. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. गोखले रस्त्यावर संध्याकाळी गाडी वळवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला या आकड्याची किंमत कळेल. शिवाय तिला स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, आहे. फियाट काय किंवा ॲम्बॅसिडर काय, त्यांचा पत्रा हाच त्यांचा सांगाडा असतो, त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालची पेटी सडली की गाडीचा कणाच गेला असे समजावे. हेराल्डची बॉडी मात्र बोल्ट सोडवून उचलता येते, बाजूला ठेवता येते आणि चासीवर वेगळे काम करता येते. नाद करणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

सुटे भाग हवेत. फियाटचे सामान आजही कुर्ल्याच्या भंगारात चार दुकाने फिरले की मिळते. हेराल्डच्या नावाने विचारले की तेच दुकानदार चहा मागवतात आणि गप्पा मारतात. ट्रायम्फचे भाग इंग्लंडमध्ये अजून नव्याने तयार होतात हे खरे, परंतु काचेभोवतीच्या एका रबराची किंमत, तिच्यावरचे कुरिअर आणि त्यावरची कस्टम ड्युटी यांची बेरीज मी एकदा कागदावर मांडली होती आणि तो कागद मग घरात सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवला.

माझा एक हट्ट आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही: पुढच्या दाराला त्रिकोणी काच नसेल तर त्या गाडीत माझे मन रमत नाही. पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यातली ती लहानशी फिरती काच उलटी वळवली की धावत्या गाडीत वाऱ्याचा झोत थेट छातीवर येतो. वातानुकूलन आल्यावर ती गेली आणि तिच्याबरोबर मोटारीतला प्रवास हा एक उघड्यावरचा प्रकार होता, तोही गेला.

ही काच मी प्रथम पाहिली ती मामांच्या फियाटमध्ये. मामा त्या काचेच्या फटीत रुमालाची घडी खोचून ठेवीत, म्हणजे ती खडखडत नसे, आणि सिगारेट ओढताना घडी काढून राख नेमकी तेथून झटकीत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असल्यामुळे पुढची सीट अखंड होती. तिच्यावर मामा, मामी आणि मधोमध मी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नाशिकला निघालो की कसारा घाटात गाडी एका ठरावीक वळणानंतर गचके खाऊ लागे आणि मामा काही न बोलता ती कडेला घेत. पुढचा विधी सगळ्यांना पाठ होता. बॉनेट वर जाई. तापलेल्या लोखंडाचा, तेलाचा आणि पेट्रोलचा एकवटलेला वास बाहेर येई. मामी पिशवीतून आजीचा जुना पंचा काढून देत आणि माझ्याकडे तांब्या येई. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही, हे मला पुष्कळ पुढे कळले, तेव्हा एवढेच ठाऊक होते की पंचा भिजवून, पिळून त्या वाटीएवढ्या पंपाभोवती गुंडाळायचा, तो चुर्र करतो, मग पुन्हा भिजवायचा, आणि तिसऱ्यांदा चुर्र झाले नाही की मामा म्हणत, "बसा." मागून येणाऱ्या फियाटीही त्याच वळणाच्या आसपास कडेला लागत आणि त्यांतूनही कोणाचे ना कोणाचे पंचे बाहेर येत. आज आमच्या पद्मिनीत मी विजेवर चालणारा पंप बसवू शकलो असतो, बसवला नाही.

त्या आठवणीच्या वाटेने गेले तर पुढची गाडी डुक्कर फियाट असायला हवी. १९५४ च्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात ज्या फियाट ११०० तयार करायला घेतल्या, त्यांच्या गुबगुबीत अंगामुळे लोकांनी त्यांना हे नाव दिले आणि ते इतके रुळले की विकणारासुद्धा आता "डुक्कर आहे, बघा" असे अभिमानाने सांगतो. तिची पुढची दारे मागच्या अंगाला बिजागरी लावून उलटी उघडतात. नऊवारीतल्या बाईला त्यातून ऐटीत उतरता येत असे, परंतु चालत्या गाडीत दार उघडले तर वारा ते मिटवण्याऐवजी हिसकावून घेई. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, अशी त्याच घराण्याची नावे बदलत गेली, १,०८९ सीसीचे इंजिन मात्र अखेरपर्यंत टिकले. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षे २९ ऑक्टोबर २०२३ रोजी भरली आणि दुसऱ्या दिवसापासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची गेली. तेव्हापासून ज्याच्या दारात फियाट सडते आहे तो प्रत्येक जण तिला वारसा म्हणू लागला आहे आणि वारशाचा भाव सांगू लागला आहे.

माझ्या पुतण्याला या सगळ्याची गंमत वाटते. तो ऐरोलीला राहतो आणि त्याचे म्हणणे असे की, "काका, तुम्ही मारुती ८०० घ्या. पहिल्या वर्षांतली, १९८३-८४ ची. क्लासिक म्हणजे आता तीच." त्याच्या वडिलांनी पहिली गाडी घेतली ती मारुतीच, त्यामुळे त्याचा कसारा घाट वेगळा आहे. मी हसलो खरा, परंतु त्याचे गणित बिनचूक आहे: माझ्या मामांनी फियाट घेतली तेव्हा तिला कोणी क्लासिक म्हणत नव्हते. मामांनी ती निवडलीसुद्धा नव्हती. नाव नोंदवायचे, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. कलकत्त्याची ॲम्बॅसिडर, मुंबईची फियाट किंवा मद्रासची हेराल्ड, जिचा क्रमांक आधी लागेल ती आपली. ज्या तीन गाड्यांत त्या पिढीला काडीचीही निवड नव्हती, त्याच तीन गाड्यांमध्ये कोणती घ्यावी म्हणून मी दुपारची झोप घालवतो आहे.

जीपचा विचार मी फार करीत नाही. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलिज जोडायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा तिचा इतिहास मोठा आहे. पण तिचा प्रत्येक पत्रा आजही कोरा मिळतो आणि उत्तरेत डबवालीला तर नुसत्या भागांतून अख्खी जीप उभी करून देतात. ज्याला सगळेच विकत मिळते त्याला शोधायचे काय?

ॲम्बॅसिडर राहिली. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन २०१४ पर्यंत ती चालली आणि तिच्याविषयी माझ्या मनात काही वाकडे नाही. वाकडे आहे ते पार्किंगमध्ये. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांनी मला वापरायला दिलेली दुसरी जागा मागच्या खांबापासून पिवळ्या पट्टीपर्यंत चार मीटर आणि वर एक वीत भरते. फियाट आणि हेराल्ड चार मीटरच्या आत बसतात. ॲम्बॅसिडर चार मीटर बत्तीस सेंटिमीटर आहे. पट्टीबाहेर आलेल्या कुंड्यांवरूनही सर्वसाधारण सभा तासभर लांबवणारी आमची कमिटी आहे, तेव्हा हा विषय तेथेच संपला.

दुसऱ्या दिवशी मी हेराल्डकडे लोहचुंबक घेऊन गेलो. जुन्या स्पीकरमधून काढलेले हे चुंबक मी फडक्यात गुंडाळून खिशात ठेवतो, म्हणजे रंगाला चरा पडत नाही. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्यावर माझा विश्वास अधिक आहे. पत्रा असेल तेथे ते टप्पकन बसते. लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप) भरून वरून रंग मारला असेल तेथे घसरून खाली येते. बॉनेटवर बसले, छपरावर बसले, डाव्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागावर बसले. खालच्या अर्ध्यावर ते तीन ठिकाणी घसरले आणि मागच्या चाकावरच्या कमानीत तर बोटाने दाबले, तेव्हा आतून गंजाचा भुगा चपलेवर पडला. खाडीची हवा आणि ठाण्याचा पाऊस यांनी इतक्या वर्षांत काही शिल्लक ठेवले, हेच विशेष. वॉचमन लांबून पाहत होता. त्याने सांगितले की गाडी ज्यांच्या नावावर आहे ते आजोबा वारले, मुले परदेशी आहेत आणि बिल्डरने गाडी हलवायला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.

येथून पुढे मोटारीचा विषय सरतो आणि कागदांचा सुरू होतो. मृताच्या नावावरची गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसांच्या नावावर यायची, मग २९ आणि ३० भरून माझ्या, आणि त्यासाठी तिघा भावंडांच्या सह्या तीन देशांतून यायच्या. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि मग ती प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला न्यायची, रोजच्या भाजीला नव्हे. मला भाजीलाच न्यायची आहे. तेव्हा नेहमीचा क्रमांक, पाच-पाच वर्षांचे पासिंग आणि हरित कर हा मार्ग बरा. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. ते जुने रबर फुगवते आणि हवेतले पाणी ओढून टाकी आतून गंजवते, म्हणून कोणतीही गाडी घेतली तरी पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगे बदलणे हे पहिले काम. वागळे इस्टेटमध्ये नमुना दाखवला की लेथवर बुश काढून देणारे अजून आहेत. पडदा काही लेथवर निघत नाही.

हे सगळे घेऊन मी संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो. पद्मिनीचा पत्रा त्यांनीच केला. दाराखालची सडलेली पेटी कापून, नवा पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून ते हातोडीने असा वळवतात की जोड कोठे आहे हे बोटालाही समजत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आहे, दुसऱ्याचा काढायचा आहे. त्यांचा मुलगा एसी दुरुस्त करतो आणि चांगले कमावतो. हातोडी त्याने धरली नाही आणि धरावी असे मिस्त्रींनाही वाटत नाही. मी हेराल्डचे सांगितले, डुक्कर फियाटचे सांगितले, पुतण्याची मारुतीही सांगून टाकली. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, पुढच्या गणपतीनंतर मी संगमेश्वरलाच राहणार. आता एकच होईल माझ्याकडून."

हे मला ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने मी विचारले, "मग मिस्त्री, तुम्हाला कोणती करायला आवडेल?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "ॲम्बॅसिडर," ते म्हणाले. "आयुष्यभर टॅक्सीवाल्यांच्या फियाटीच ठोकल्या. तो जाड पत्रा कधी हाताखाली आलाच नाही."

मी त्यांना खांब आणि पिवळी पट्टी यांच्यातले अंतर सांगितले.

"बंपर काढून ठेवू," ते म्हणाले.