काना कुठे गेला?

"त्याने नकारार्थी मन हलवली."

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका दिवाळी अंकाची प्रुफं घेऊन काका घरी आले, तेव्हा या वाक्याखाली लाल शाईने दोन रेघा होत्या. काका म्हणजे आमचे मुद्रितशोधक. पंचाहत्तरी उलटली तरी नारायण पेठेत सायकलवर येतात आणि तीन जिने चढून वर आल्यावर पाणीसुद्धा न पिता आधी चुका वाचून दाखवतात.

"मन स्त्रीलिंगी कधीपासून झालं?"

मी ओशाळले. 'मान' मधला काना गळला होता. पुढच्या पानावर तर कहरच. मूळ कथेत सदाशिव पेठेतला तीन पिढ्यांचा जुना वाडा होता. माझ्या प्रुफात तो 'तीन पिढ्यांचा जुना वडा' झाला होता. त्याच वड्याच्या चौकात बसून सासू सुनेची 'वट बघत' होती.

एकोणतीस वर्षं मराठी डीटीपी करतेय, म्हणजे मजकूर टाइप करून छपाईची पानं लावतेय. गोदरेजच्या टाइपरायटरवर मराठी तीस आणि चाळीसच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या शब्दांच्या, परीक्षा दिल्या, मग श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, मग युनिकोड आल्यावर चाळिशीत बोटांना नव्याने वळण लावून इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकले. चुका माझ्या होतात, नाही असं नाही. पण माझ्या चुकांची जात मला ठाऊक आहे. ऱ्हस्व-दीर्घात मी अडखळते, 'आणि'चा 'आणी' कधीमधी होतो. काना मी खात नाही. इनस्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी 'ई'च्या बटणावर असतो, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. ते बोट झोपेतसुद्धा तिथे जाईल.

आधी त्या बटणावरच संशय घेतला. ब्रशने साफ केलं, सेल बदलले. दोन दिवसांनी हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, गळायला लागला, आणि कथेतला फर्ग्युसनचा प्रोफेसर प्रकाशाला 'परकाश' म्हणायला लागला. एकदा तर उलटंच झालं, 'का' लिहिल्यावर पुढे आपोआप सात-आठ काने उमटत गेले, जणू कुणीतरी हाक मारतंय.

यातली खोच अशी, की व्यंजन गळलं तर शब्द मोडतो आणि डोळ्याला टोचतो. 'हलवली'तला 'ल' गेला तर कुणालाही दिसेल. पण काना गेला तर मागे धडधाकट शब्द उरतो. वाडा-वडा, दार-दर, काळ-कळ. स्पेलचेकला 'वडा' चालतो, तो बिचारा काय करणार! आणि वेगात टाइप करणारा माणूस पडद्याकडे नाही, हस्तलिखिताकडे बघत असतो.

मग मी वयावर आले. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. वाढला होता, पण कीबोर्डचा त्याच्याशी संबंध नव्हता.

कीबोर्ड वायरलेस होता. माउससकट एकाच खोक्यात आलेली जोडी. दोघांना मिळून एकच नखाएवढा रिसीव्हर, तो सीपीयूच्या मागे खोचलेला. टेबलावर वायर नाही म्हणून मी वर्षभर खूश होते. एका शनिवारी हिंजवडीच्या नोकरीतून सुट्टीपुरती सुटका झालेले चिरंजीव घरी होते. मी वैतागून सांगत होते की सकाळी नीट चालतं आणि संध्याकाळी हे सुरू होतं.

"संध्याकाळी काय वेगळं करतेस?"

"काही नाही. पाचला बॅकअप लावते आणि पुढचं टाइप करत बसते."

तो उठून टेबलामागे वाकला. माझी पोर्टेबल हार्ड डिस्क निळ्या पोर्टात, आणि तिला खेटून शेजारच्या पोर्टात तो रिसीव्हर. त्याने डिस्क काढायला लावली. मी पानभर टाइप केलं, एक काना हलला नाही. डिस्क लावली, फाइल कॉपी करायला टाकली, चौथ्या ओळीत 'दार'चा 'दर' झाला.

त्याने सांगितलं ते असं. हे वायरलेस कीबोर्ड-माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. तुळशीबागेतली गर्दी म्हणा. शिवाय यूएसबी ३ ची डिस्क काम करताना सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती ढकलते आणि त्याचा जो विद्युत गोंगाट केबल-पोर्टातून बाहेर सांडतो तो नेमका या पट्ट्यात पसरतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर अहवाल काढलाय, त्यात वायरलेस माउसचं उदाहरण आहे. कानाशी ढोल वाजत असताना पलीकडून कुणी हळू आवाजात मजकूर सांगावा, तसं रिसीव्हरचं होतं. बटण दाबल्याचा निरोप हरवला की अक्षर गळतं. बटण सोडल्याचा निरोप हरवला की मशिनला वाटतं अजून दाबलेलंच आहे, आणि कान्यांची रांग लागते.

उपाय साधा निघाला. रिसीव्हर डिस्कपासून लांब न्यायचा. त्यासाठी एक मीटरची एक्स्टेन्शन केबल आणली आणि रिसीव्हर टेबलावर समोर आणून ठेवला. म्हणजे वायरलेस नीट चालावं म्हणून वायर विकत घेतली. हे काकांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच प्रूफ बाजूला ठेवून हसले.

इथे प्रश्न मिटायला हवा होता, पण माझा विश्वास उडाला होता. दर ओळीनंतर मान वर करून पडदा तपासायला लागले आणि वेग निम्म्यावर आला. चिरंजीवांनी त्यांचा ब्लूटूथवाला कीबोर्ड दिला, म्हणाले यात रिसीव्हरच नाही. दिसायला देखणा. त्याच आठवड्यात गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे काही सांगायला नको. पाचला वीज आली, मशीन चालू केलं, तर आतला घड्याळाचा सेल संपलेला, आणि काळ्या पडद्यावर मजकूर : पुढे जायला एफ-वन दाबा. दाबलं. परत दाबलं. ब्लूटूथची जोडणी विंडोज सुरू झाल्यावर होते, आणि विंडोज एफ-वन दाबल्याशिवाय सुरू होणार नव्हतं. किल्ली घरात, कडी आतून आणि आपण जिन्यात.

रात्री नऊला पानं जायची होती. स्टुलावर चढून माळ्यावरचा जुना वायरचा कीबोर्ड काढला. पंधरा वर्षांची धूळ. झटकून लावला, एफ-वन दाबलं, मशीन सुरू. त्यावरच चोवीस पानं संपवली. स्पेसबार अडकत होता, पण अडकतोय हे बोटाला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत गेले. दुकानात समोर चार-पाच जोड्या मांडलेल्या, सगळ्या वायरलेस.

"वायरचा दाखवा."

"वायरचा? ऑफिससाठी का?"

"घरासाठी. मी रोज सात-आठ तास टाइप करते."

त्यांनी आतून तीन खोकी आणली. मी एकेक पुढ्यात घेऊन, कशालाही न जोडता, 'त्याने मान हलवली' बोटांनी वाजवून बघायला लागले. तिसऱ्यावर मी रेंगाळले, तेव्हा काउंटरमागून आवाज आला, "ताई, टायपिंगचा क्लास अप्पा बळवंत चौकाकडे. इथे फक्त विक्री." साडेसहाशेला घेतला तो. दीड मीटरची वायर आहे, टेबलाच्या मागच्या कडेने खाली जाते, मला दिसतही नाही. आणि दिसली तरी काय बिघडलं? कीबोर्ड काही पर्वतीवर फिरायला जात नाही. जिथे ठेवला तिथे वर्षानुवर्षं बसतो, त्याला मोकळीक कशाला हवी होती हेच मला आता कळत नाही.

माउस मात्र वायरलेसच ठेवलाय, आणि यावरून चिरंजीव मला चिडवतात. माउसचं काम फिरण्याचं. पान लावताना दिवसभर चौकटी इकडून तिकडे ओढायच्या, आणि वायर असली की ती टेबलाच्या कडेला अडकून दाव्याला बांधलेल्या वासरासारखी मागे ओढते. माझ्या जुन्या वायरच्या माउसने दोनदा चहा सांडवलाय, एकदा सहीच्या प्रुफांवर. शिवाय माउसचा निरोप हरवला तर बाण पडद्यावर उडी मारतो, मला दिसतो, मी परत आणते. त्याची चूक लपत नाही. कीबोर्डची चूक वड्याचं रूप घेऊन छापून येते.

एक सेल लागतो त्याला. बदलला की मार्करने त्यावर तारीख लिहिते. आत्ताच्या सेलवर जानेवारी आहे. पडून राहिलेल्या त्या वायरलेस कीबोर्डातले सेल काढायला मात्र विसरले होते, ते गळले आणि स्प्रिंगांवर पांढरा थर आला. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसला.

चोरीचाही मुद्दा चिरंजीवांनी काढला होता. काही स्वस्त वायरलेस कीबोर्ड अक्षरं उघडीच हवेत सोडतात, म्हणे. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी तसे कीबोर्ड दाखवूनही दिले. मी म्हटलं, माझं चोरून वाचणाऱ्याला अप्रकाशित दिवाळी अंक वाचावे लागतील, तीच त्याची शिक्षा. पण त्याच मशीनवर बँकेचा पासवर्डही टाकते, हे नंतर लक्षात आलं आणि वायरबद्दल जरा जास्त बरं वाटलं.

यंदाच्या पहिल्या अंकाची प्रुफं परवा आली. काकांच्या सात लाल खुणा. पाच ऱ्हस्व-दीर्घाच्या, एक 'आणी', आणि एका ठिकाणी मी लेखकाची अख्खी ओळ गाळलीय.

"काने आहेत ना सगळे?" मी विचारलं.

"काने आहेत," काका म्हणाले, "ओळ कुठे गेली?"