पुलिएसे, पुलिएसे, पुलिएसे

ब्वेनोस आयरेसच्या मेट्रोत, म्हणजे 'सुब्ते'त, बी लाईनवर बसलं की टँगोची माणसं स्टेशनं होऊन भेटतात. आधी गायक कार्लोस गार्देल, पुढे मालाबिया-ओस्वाल्दो पुलिएसे (हा पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख), आणि आणखी पुढे चाकारिताचं कब्रस्तान, जिथे दोघेही विसावलेत.

मी मालाबियाला उतरले. ही विशा क्रेस्पो वस्ती (दोन 'एल'चा उच्चार इथे 'श' करतात, हे कळेपर्यंत मी दोनदा रस्ता चुकले). १९०५ साली पुलिएसे इथेच जन्मला. 'रेकुएर्दो' ही त्याची गाजलेली रचना विशीच्या आतली. वय भरत नव्हतं म्हणून ती वडिलांच्या नावावर नोंदवली गेली.

आदल्या रात्री एका मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचघरात, त्याची 'ला युम्बा' ऐकली होती. १९४६ची. आमच्या घरी पेटी होती, त्यामुळे भात्याचा श्वास ओळखीचा. पण इथे बांदोनेऑनवाले (बांदोनेऑन म्हणजे टँगोतलं हातात धरून वाजवायचं भात्याचं वाद्य) भाता असा काही हिसडतात की ठेकाच बोलू लागतो: यूम्-बा, यूम्-बा. मग मध्येच सगळं थांबतं, एकटा पियानो उरतो, आणि नाचणारी जोडपी पाऊल हवेत धरल्यासारखी थबकतात. मी नाचायचा नाद सोडला आणि नुसती पाय बघत बसले.

तेवढ्यात स्पीकर खरखरून बंद पडला. शेजारचे आजोबा पुटपुटले, "पुलिएसे, पुलिएसे, पुलिएसे." साडेसाती टाळायला इथले कलावंत हे नाव तीनदा घेतात, खिशात ठेवायला त्याची संतासारखी तसबीरही मिळते. हा संत पक्का कम्युनिस्ट! वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालवायचा, मिळकत प्रत्येकाच्या वाट्याच्या गुणांप्रमाणे, म्हणजे पॉइंट्सप्रमाणे, वाटायची. राजकारणापायी तो अनेकदा तुरुंगात गेला. अशा वेळी साथीदार त्याच्याविनाच वाजवत आणि पियानोवर कार्नेशनचं एक लाल फूल ठेवत. त्याचे चाहते "कोलोनला चला!" असं ओरडत, त्या ऑपेरागृहात तो खरंच वाजवायला बसला तो १९८५च्या डिसेंबरात, ऐंशी वर्षांचा होऊन.

स्पीकर सुरू झाला. केबल ढिली होती म्हणे. आजोबांना ते पटलं नाही.

चाकारितात गार्देलच्या पुतळ्याच्या बोटांत कुणीतरी पेटती सिगारेट खोचून गेलं होतं. पुलिएसेसाठी मला लाल कार्नेशन हवं होतं. दाराशी फूलवाली म्हणाली, लाल संपली. मग गुलाबीच नेलं.