सफारी बोटीचे पैसे वसूल होतात का? मालदीवच्या लॉगमधून

मालदीवहून परतल्यापासून ओळखीतले डाइव्हर फोटो मागायच्या आधी खर्च विचारतायत. रास्तच आहे. सफारी बोट म्हणजे जिच्यावरच राहून आठवडाभर स्कूबा डाइव्ह मारायच्या ती. सात रात्रींच्या सफारी बोटीला मुंबईहून विमान धरून माणशी दोन लाखांच्या वर जातात, आणि तेवढ्यात अंदमानची दोनदा वारी होते. म्हणून यावेळची नोंद आधी आकड्यांची, मग पाण्यातली.

मार्ग नेहमीचाच: माले, मग वावू आणि आरी हे दोन अटॉल (बेटांची प्रवाळकंकणं) आणि परत माले. मधल्या दर्जाची बोट, खालच्या डेकवरची दोघांची केबिन, माणशी १८०० डॉलर. त्यावर ग्रीन टॅक्स (२०२५ पासून बोटींना दिवसाला १२ डॉलर), नायट्रॉक्सचे (जास्त ऑक्सिजनची हवा, तिने खाली जास्त वेळ थांबता येतं) १२०, गाइड आणि खलाशांची टिप म्हणून १५०. बेरीज २१५० च्या घरात. छापील कार्यक्रमात १७ डाइव्ह, म्हणजे राहणं-जेवण धरून डाइव्हमागे सव्वाशे डॉलर.

त्याच आठवड्यात एखाद्या गावाच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहिले असते तर? खोली ७०, जेवण २५, स्पीडबोटीचं जाणं-येणं मिळून १००, छोट्या गेस्टहाउसला ग्रीन टॅक्स बोटीच्या निम्मा, आणि डाइव्ह साधारण ६० ला एक. रोज दोन धरल्या तर आठवड्यात बारा होतात. बेरीज १५०० च्या थोडी वर, आणि भागाकार केला की पुन्हा सव्वाशेच. माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, माझा मामेभाऊ. त्याचा यावर विश्वासच बसेना. कॅल्क्युलेटर खाली ठेवून म्हणाला, "मग ताई, बोट महाग का म्हणतात गं?"

कारण बोटीवर सगळे पैसे आधीच भरलेले असतात. सर्दीने कान उघडला नाही, रात्री बोट हलली म्हणून झोप झाली नाही, अंग आंबलं आणि दुपारची डाइव्ह सोडली, तरी ती तुमच्या नावावर लागलेलीच. गेस्टहाउसवाला न मारलेल्या डाइव्हचे पैसे घेत नाही. आमच्या बोटीवर आठवड्याच्या उत्तरार्धात दुपारच्या डाइव्हला अर्ध्या जागा रिकाम्या असायच्या. शिवाय सात रात्री म्हणजे डाइव्हिंगचे सात दिवस नव्हेत. पहिल्या दिवशी तयारी बघायला एकच चेक डाइव्ह, आणि रोज अनेक डाइव्ह झाल्यावर विमानाआधी किमान १८ तास कोरडं राहायचं, म्हणून शेवटचा दिवस मालेत दुकानं बघण्यात जातो. तेव्हा स्वस्त-महाग ठरवायला हा भागाकार पुरत नाही.

मग बोटीवर जास्तीचं काय मिळतं? माझ्या मते एकच गोष्ट: करंटची वेळ गाठता येते. जेवण चांगलं असतं, डेकवर आरामखुर्च्या असतात, ते सगळं ठीक. पण मालदीवमधलं मोठं डाइव्हिंग कांडूंमध्ये आहे. प्रवाळकंकणाच्या कडेला जिथे खिंड पडलेली असते आणि महासागराचं पाणी आत-बाहेर करतं, ती कांडू. पाणी आत येत असताना ते स्वच्छ असतं आणि खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क ठाण मांडून असतात. पाणी बाहेर पडू लागलं की गढूळपणा येतो आणि करंट डाइव्हरला खुल्या समुद्राकडे ओढून नेतो. म्हणजे एकाच जागेवरची डाइव्ह सकाळी सातला अप्रतिम आणि अकराला मारू नये अशी असू शकते. गेस्टहाउसची बोट नाश्ता उरकून, सगळ्यांच्या सामानाची जमवाजमव झाल्यावर निघते. सफारी बोट आदल्या संध्याकाळीच कांडूच्या जवळ आतल्या शांत पाण्यात नांगर टाकून उभी असते.

वावूतल्या मियारू कांडूची सकाळ सांगते. मालदीवमध्ये मोठ्या बोटीवरून उडी मारत नाहीत. सोबत वेगळी धोणी, म्हणजे छोटी बोट असते, तिच्यावर कॉम्प्रेसर, सिलिंडर आणि आपापली बीसीडी (हवा भरायचं जाकीट) आठवडाभर तशीच लावून ठेवलेली. पोरं नळी आणून सिलिंडर जागच्या जागी भरतात. आपण फक्त नायट्रॉक्सचा टक्का अ‍ॅनलायझरवर बघायचा, पट्टीवर लिहायचा, वहीत सही करायची. उजाडताना ब्रीफिंग झालं, धोणी खिंडीच्या बाहेरच्या बाजूला गेली आणि गाइडने नुसता मास्क-फिन्स घालून पाण्यात उडी टाकली. खाली तोंड घालून मिनिटभर करंट बघितला, वर येऊन मान हलवली: नाही. पाणी अजून फिरलं नव्हतं. आम्ही सगळे वेटसूट चढवून, घामाघूम होऊन धोणीत बसून राहिलो. अर्ध्या तासाने तो परत उतरला आणि यावेळी हाताने आतली दिशा दाखवली. त्या अर्ध्या तासाचे पैसे मी आनंदाने दिले. दिवसाच्या बोटीला पुढचं गिऱ्हाईक आणि परतीची वेळ असते. थांबायला तिला परवडत नाही.

उतरायचं ते बीसीडी रिकामी ठेवून, थेट खाली. वर रेंगाळलात तर खिंडीचं तोंड हुकतं आणि आत वाहून जाता. कड साधारण २८ मीटरला. तिथे मेलेला खडक बघून रीफ हुक अडकवायचा, दोरी ताणली की बीसीडीत चिमूटभर हवा सोडायची, म्हणजे तळाला न टेकता अंग पाण्यात आडवं तरंगतं. मान वळवली की मास्क थरथरतो, रेग्युलेटर तोंडातून ओढला जातोय असं वाटतं. समोर शार्क मात्र शेपूट न हलवल्यासारखे जागच्या जागी. हवा संपत आली की हुक काढायचा आणि खिंडीतून आत वाहत जायचं, शेवटी एसएमबी, म्हणजे खुणेचा फुगा, वर सोडून सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थोडा थांबा.

या डाइव्हला पैशांपेक्षा फुप्फुसं जास्त लागतात. मालदीवमध्ये मनोरंजनासाठीच्या डाइव्हिंगला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. ३० मीटरवर दाब चार पट. मागच्या नोंदीत माझा हवेचा खप पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर होता. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारपैकी ५० राखून ठेवले तर हाती १६५० लिटर उरतात. त्या खपाने खाली २३ मिनिटं. आता खप १५ वर आलाय, म्हणजे २७ मिनिटं. त्याच खोलीवर साध्या हवेची नो-डेको मर्यादा (वर येताना सक्तीचे थांबे न लागता राहता येईल तेवढा वेळ) टेबलप्रमाणे २० मिनिटं, ३२ टक्के नायट्रॉक्सची ३०. हे मांडलं की कळतं, जोरात श्वास घेणाऱ्याला नायट्रॉक्सचे १२० डॉलर फारसे लागू पडत नाहीत. त्याची हवा आधी संपते. खप कमी झाला तो कुठल्या युक्तीने नव्हे. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाऊन कमरेचं शिशाचं वजन किलोभर कमी केलं, हात छातीशी बांधून पोहायची सवय लावली, आणि करंटमध्ये खडकाच्या आडोशाने, तळाला लागून जायला शिकले. मामेभाऊ अजून १९ वर आहे. त्याचा गेज खाली आला की मलाही निघावं लागतं, हे त्याला जेवताना रोज ऐकवलं.

आरीतल्या थिला म्हणजे पाण्याखालच्या टेकड्या. माया थिला आणि फिश हेड दोन्ही १९९५ पासून संरक्षित, दोन्हीकडे व्हाइटटिप शार्क आणि माशांची दाटी. माया थिलाचा माथा सहा-सात मीटरला, एका डाइव्हमध्ये वेढा पूर्ण होतो. माथ्यावरचं प्रवाळ १९९८ आणि २०१६ च्या ब्लीचिंगने (पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्याने) बरंच खाल्लंय. प्रवाळासाठी जाणार असाल तर मन थोडं खट्टू होईल.

वावूतल्या अलिमथा बेटाच्या जेट्टीवरच्या नाइट डाइव्हबद्दल मात्र माझं मत वेगळं पडलं. नर्स शार्क खरंच अंगावरून जातात, डझनांनी. पण त्याच वेळी चार-पाच बोटींची माणसं उतरलेली, टॉर्चचे झोत एकमेकांच्या डोळ्यांत, फिन्स एकमेकांच्या तोंडावर. गावच्या जत्रेत पाळण्याखाली उभं राहिल्यासारखं. आणि ही डाइव्ह शेजारच्या फुलिधू बेटावरच्या गेस्टहाउसमधूनही होते. तिच्यासाठी बोट घेऊ नका.

हीच गोष्ट आणखी काही नावांना लागू. व्हेल शार्क हवा असेल तर दक्षिण आरीत धिगुराला राहा. बा अटॉलच्या हनिफारू खाडीत मँटा बघायला स्कूबाला बंदीच आहे, फक्त स्नॉर्कल, आणि धरवंधूहून ती जवळ पडते. फुवामुलाचे टायगर शार्क तर बंदराच्या तोंडाशीच येतात. ते एकच बेट, आतला लगून नाही, बोटीला नीट आडोसाही मिळत नाही. जिथे एकच मोठं आकर्षण बेटाच्या दाराशी आहे तिथे बोटीचे पैसे वाया. जिथे आठवड्यात दोन-तीन अटॉल पालथे घालायचेत आणि प्रत्येक कांडू आपल्या वेळेलाच गाठायचीय, तिथे दुसरा मार्गच नाही. तेही करंटमध्ये स्थिर राहता येत असेल तर. तारकर्लीला कोर्स केला आणि थेट बोट बुक केली, असं कोणी करू नये. बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि नोंदवलेल्या डाइव्ह मागतात ते उगाच नाही.

"आपल्याकडे का नाही?" हाही प्रश्न येतो. मालवणच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या वर समुद्रात आंग्रिया बँक हा पाण्याखालचा प्रवाळाचा पट्टा आहे. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं ते अंतर नाही, बोटीवर मुक्कामच हवा. तशी नियमित सोय नाही तोवर आपण मालेचं तिकीट काढणार.

स्वस्तातली बोट बघणाऱ्यांना एक सांगणं. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन ही डाइव्ह बोट पहाटे पेटली आणि खालच्या डेकवर झोपलेले ३४ जण गेले. रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात सी स्टोरी ही डाइव्ह बोट उलटली. म्हणून बुक करण्याआधी ईमेलने विचारा: रात्री जागं कोण असतं, टॉर्च-कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, केबिनमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला. उत्तर टाळलं तर दुसरी बोट बघा. आमच्या बोटीवर चार्जिंग फक्त वरच्या बैठकीच्या खोलीत, माणसं जागी असेपर्यंतच. पहिल्याच रात्री मी खालच्या डेकचं आपत्कालीन झाकण स्वतः उघडून बघितलं. गाइड हसला, पण त्याने दुसऱ्या कोपऱ्यातलं झाकणही दाखवलं.

पुढच्या मोसमाच्या तारखा बघायला घेतल्यात. पूर्वेकडच्या कांडूंना जानेवारी ते एप्रिल बरा, तेव्हा ईशान्य मोसमी वारे असतात आणि स्वच्छ पाणी त्या बाजूने आत येतं. मला उधाणाचा, म्हणजे पौर्णिमेचा आठवडा हवाय. मामेभाऊ म्हणतो भांगाचा घेऊ, अष्टमीच्या आसपासचा, करंट जरा मऊ. खप १६ वर आणलास तर पौर्णिमा, नाहीतर अष्टमी, असं ठरलंय. सध्या तो रोज सकाळी तलावावर दिसतो.