मुठीतला स्विच

घरी केलेल्या, ‘स्टार वॉर्स’मधल्यासारख्या प्रकाश-तलवारीच्या मुठीत आज अखेर स्विच बसला. दाबल्यावर दाबलेलाच राहणारा घ्यावा, की बोट काढताच वर येणारा, या एका प्रश्नावर माझे काम दोन दिवस अडले होते. आत केवळ एलईडी आणि ३.७ व्होल्टचा १८६५० आकाराचा रिचार्जेबल सेल असता, तर पहिला पुरला असता. परंतु आत तलवारीचा आवाज काढणारे सर्किटही आहे; त्याला क्षणभराचा इशाराच हवा असतो आणि दिव्याचा मोठा प्रवाह ते स्वतःच्या मॉस्फेटमधून (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातून) सोडते, त्यामुळे दुसरा घेणे भाग होते.

ॲल्युमिनियमच्या नळीत १२ मिलिमीटरचे छिद्र स्टेप ड्रिलने (पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या ड्रिलने) सहज पडले. मात्र नळी गोल असल्याने स्विचची कड दोन बाजूंनी उचललेली दिसू लागली आणि तेवढीच जागा कानशीने सपाट करण्यात तासभर गेला. खरी फजिती पुढेच झाली: तारांची दोन्ही टोके सोल्डर करून, वर हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवून झाल्यावर लक्षात आले की, आतून आवळायचा नट टेबलावरच राहिला आहे! (माझ्या हातून हे पहिल्यांदा घडलेले नाही.) एक टोक पुन्हा सोडवावे लागले.

आता स्विचचे बूड सेलपासून जेमतेम दोन मिलिमीटर दूर आहे. अंगठा मात्र न पाहताही त्यावर बरोबर पडतो.