फ्लेल मोवर सर्व्हिसिंग लॉग: थरथरीचं कारण सापडलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की माझा फ्लेल मोवर (ट्रॅक्टरला जोडायचं गवत कापायचं यंत्र, आत आडवा फिरणारा रोटर आणि त्याला लटकलेली पाती) फुल स्पीडला आला की ट्रॅक्टरच्या सीटपर्यंत थरथर येतेय, आणि सीझन संपला की निवांत उघडून बघेन. पण तेवढं थांबवेना. कारण फ्लेल मोवरची थरथर आपोआप कमी होत नाही, ती आधी बेअरिंग खाते, मग नटबोल्ट सैल करते आणि शेवटी गिअरबॉक्सच्या माउंटिंगला तडा देते. म्हणून दोन सुट्ट्या काढल्या आणि सगळा मोवर उघडला. माझा १२५ सेंटीमीटरचा आहे, हॅमरवाला (जड लोखंडी पाती), साइडला रोटर फिरवणारे ३ व्ही बेल्ट. वाय ब्लेडवाल्यांनाही (वाय आकाराची पाती) यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिला दिवस, सकाळ

कामाला हात लावायच्या आधीचं मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण हॅमर बदलतानाचे फोटो सगळे टाकतात, मोवर कशावर टेकवला होता ते कोणी दाखवत नाही.

पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मोवरला देणारा फिरता दांडा) बंद, इंजिन बंद, हँडब्रेक, चावी काढून खिशात. मग थांबायचं. गिअरबॉक्समध्ये फ्रीव्हील (एकाच दिशेने ताकद देणारा क्लच) असतं, त्यामुळे पीटीओ बंद केला तरी रोटर स्वतःच्या वजनाने फिरत राहतो. मी घड्याळ लावून बघितलं, माझा रोटर पूर्ण थांबायला जवळजवळ ४० सेकंद घेतो, आणि शेवटचे दहा-बारा सेकंद तर आवाजही येत नाही, म्हणजे कानावर विसंबून चालतच नाही, डोळ्यांनी थांबलेला बघायचा. त्यानंतर पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरकडून काढून बाजूला ठेवला. शाफ्टच निघाला की चुकून कोणी स्टार्टर मारला तरी रोटर फिरणार नाही.

मोवर उचलून खाली डोकावायचं असेल तर नुसत्या हायड्रॉलिकवर अजिबात नाही. व्हॉल्व्ह गळतो, सील जातं, लिव्हरला कोणाचा धक्का लागतो. डेकच्या (मोवरच्या वरच्या लोखंडी कव्हरच्या) फ्रेमखाली दोन्ही बाजूंना भक्कम लोखंडी स्टँड लावले, मग हायड्रॉलिक खाली सोडून सगळं वजन स्टँडवर येऊ दिलं, हाताने जोरात हलवून बघितलं, ट्रॅक्टरच्या चाकांना ठोकळे लावले आणि त्यानंतरच हात आत घातला. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

साफसफाई आणि रोटर

वाळलेलं गवत खरवडून काढलं. प्रेशर वॉशर होता पण बेअरिंग आणि सीलवर थेट धार मारली नाही, त्या प्रेशरने पाणी सीलच्या आत शिरतं आणि मग बाहेरून कितीही ग्रीस मारा, आत गंज धरलेलाच असतो. रोटरच्या दोन्ही टोकांना तार आणि प्लॅस्टिकची सुतळी इतकी घट्ट गुंडाळलेली होती की कटरने कापावी लागली. ही गुंडाळी हळूहळू बेअरिंगच्या सीलमध्ये घुसते, तेव्हा ज्यांचा मोवर बरेच दिवस उघडलेला नाही त्यांनी आधी ही दोन टोकं तपासा.

जाड ग्लोव्हज घालून रोटर हाताने फिरवला. इथे एक सांभाळायचं, रोटर फिरवला की वरचे हॅमर आपल्या वजनाने पलटी खाऊन पडतात आणि बोट मध्ये असेल तर चेंगरतं. मी आता रोटरमध्ये लाकडी पाचर अडकवतो आणि मगच पाना लावतो. पाचरेला लाल कापड बांधलंय, म्हणजे काम झाल्यावर आत राहून जाणार नाही.

मूळ कारण

एकूण २० हॅमर. त्यातला एक मागच्या महिन्यात दगडावर आपटून अर्धा तुटला होता आणि तेव्हा मी घाईत तेवढा एकच नवीन टाकला होता. आता सगळे काढून, नंबर टाकून वजनकाट्यावर ठेवले. जुने ५५५ ते ५७० ग्रॅमच्या मधे, आणि तो नवीन ६२० ग्रॅम! त्याच्या बरोबर समोरचा ५६० निघाला. म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम जास्त.

६० ग्रॅमने काय होतंय असं मलाही वाटलं असतं, म्हणून हिशोब करून बघितला. रोटर मिनिटाला २००० फेरे धरला आणि हॅमरचं वजन सेंटरपासून १७ सेंटीमीटरवर धरलं, तर त्या ६० ग्रॅममुळे साधारण ४५ किलोचा ओढा तयार होतो, आणि तो सेकंदाला ३३ वेळा दिशा बदलत बेअरिंगवर आदळतो. हा आकडा बघितल्यावर सीटपर्यंत थरथर का येत होती ते कळलं, आणि बेअरिंग इतके दिवस टिकलं याचंच आश्चर्य वाटलं.

तर नियम पक्का, हॅमर किंवा ब्लेड बदलायचे तर समोरासमोरची जोडी बदलायची, एकटा कधीच नाही. आणि जोडीतले दोन्ही वजन करून घ्या, कारण एकाच बॉक्समधले नवीन हॅमरसुद्धा १० ते १५ ग्रॅमने वेगळे निघाले. मी पूर्ण सेटच नवीन टाकला आणि जवळच्या वजनाचे दोन दोन समोरासमोर लावले. जुन्यातल्या चांगल्या जोड्या तारेने बांधून, वर वजन लिहून, स्पेअर म्हणून ठेवल्यात.

बोल्टही नवीन, आधीच्याच ग्रेडचे, आणि नायलॉक नट तर प्रत्येक वेळी नवीनच, एकदा काढलेल्या नटाच्या नायलॉनला ती पकड राहत नाही. ४ बुश (हॅमरच्या भोकातल्या बारीक नळ्या) घासून एका बाजूने पातळ झाले होते ते बदलले. बोल्ट टाइट केल्यावर प्रत्येक हॅमर हाताने झुलवून बघितला. झुलला पाहिजे! अडकलेला हॅमर दगड आला तर मागे हटत नाही, सगळा धक्का रोटरच्या कानावर (हॅमरचा बोल्ट जिथे बसतो त्या पट्टीवर) घेतो. कानांची भोकं मी टॉर्च मारून एकेक बघितली, सगळी गोल होती. ज्यांची अंडाकृती झाली असतील आणि वेल्डिंग करून घ्यायचं असेल त्यांनी वेल्डिंगची अर्थिंगची वायर रोटरवरच कामाच्या जवळ लावायला सांगा, डेकला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि आतल्या बॉल्सवर डाग पडतात.

दुसरा दिवस, बेल्ट

साइड कव्हर काढलं तर आत काळी रबराची पावडर. ३ पैकी एका बेल्टला आतून चिरा होत्या, पण बदलले तिन्ही. जुना बेल्ट ताणलेला असतो, नवीन आखूड असतो, मग सगळा लोड नवीन एकट्यावरच येतो. टेन्शनर पूर्ण सैल करून बेल्ट चढवले, स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवरून ओढून चढवू नका, आतली दोरी तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही पुलींवर सरळ लोखंडी पट्टी टेकवून बघितली तर वरची पुली ३ मिलिमीटर बाहेर होती, तीही लाइनमध्ये घेतली. ताण मी अंगठ्याने मधोमध दाबून साधारण १० ते १२ मिलिमीटर ठेवला, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

पीटीओ शाफ्ट, गिअरबॉक्स

शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला (अधिक चिन्हासारखा भाग) ग्रीस दर ८ तासांनी मारतो, चारही टोकांतून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत. एका टोकातून येईना, म्हणून तो क्रॉस काढला, आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या आणि लाल झालेल्या, नवीन टाकला. टेलिस्कोपिक ट्यूब वेगळी करून पुसून ग्रीस लावलं. परत जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके भाग) एका रेषेत आले पाहिजेत, तिरके बसले तर शाफ्ट स्वतःच थरथर करतो आणि आपण रोटरमध्ये कारण शोधत बसतो. प्लॅस्टिक गार्ड आणि त्याची साखळी दोन्ही शाबूत आहेत. गार्ड तुटला असेल तर तो बदलेपर्यंत मोवर चालवू नका, फिरत्या शाफ्टने कपड्याचं टोक पकडलं की सोडवायला वेळच मिळत नाही.

गिअर ऑइल काढलं, रंग चांगला, दुधाळ नाही म्हणजे पाणी गेलेलं नाही, मॅग्नेट प्लगवर नुसती बारीक राखाडी पेस्ट, कुठे तुकडा नाही. नवीन ८०डब्ल्यू-९० भरलं. ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर जायचं भोक) मात्र मातीने पूर्ण बंद होता! गरम झाल्यावर आतलं प्रेशर बाहेर जायला वाट नसते, मग ते ऑइल सीलमधून तेल ढकलतं. इनपुटच्या सीलपाशी ओल होती त्याचं कारण बहुतेक हेच, म्हणून सील इतक्यात बदललं नाही, ब्रीदर साफ करून आधी बघणार.

मागच्या रोलरच्या बेअरिंगला ग्रीस, समोरचे रबर फ्लॅप २ बदलले. फ्लॅप तुटके असतील तर तिथून उडालेला दगड लांबपर्यंत जातो.

टेस्ट

आधी पाचर, पाने, चिंध्या सगळं बाहेर आलंय ना ते मोजलं. मोवर जमिनीलगत ठेवून, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, इंजिन आयडलवर असताना पीटीओ लावला आणि हळूहळू मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत नेला. थरथर गेली. सीटवर ठेवलेली अर्धी भरलेली पाण्याची बाटली आधी नाचायची, आता पाणी नुसतं थोडं हलतं. २० मिनिटं गवत कापलं, मग सगळं बंद करून, चावी काढून, रोटर थांबलेला बघून बेअरिंग हाऊसिंगचं तापमान घेतलं, बेल्टच्या बाजूचं ५१ डिग्री, दुसऱ्या बाजूचं ४४. बेल्टच्या ओढीमुळे थोडा फरक धरून चालतो, पण ७ डिग्री मला जरा जास्त वाटतोय. बेल्ट २ तास चालल्यावर परत ताणायचेच आहेत, तेव्हा हेही परत मोजतो. फरक वाढला असेल तर त्या बाजूचं बेअरिंग काढणार. गिअरबॉक्स इनपुटची ओल पुसून खडूने खूण केलीय, तिथे पुन्हा तेल येतंय का तेही त्याच वेळी कळेल.