हेड रंगवा, पण पाणी उकळू देऊ नका

"मामा, रंगानं लॅक्रॉसचं हेड कमजोर होतं का?" भाचीनं म्हापशाहून विचारलं. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं बॉल झेलायचा-फेकायचा खेळ, आणि हेड म्हणजे त्या काठीच्या टोकाची, जाळी बांधायची प्लास्टिकची चौकट. ती रंगानं कमजोर नाही होत. बहुतेक हेडं नायलॉनची असतात आणि नायलॉन ॲसिड डाय छान धरतं; लोकर-रेशमाला लावतात तोच हा रंग.

भीती उष्णतेची. खळखळत्या पाण्यात हेड मऊ पडतं, भांड्याच्या कडेला टेकलं की तोंड फाकतं नाहीतर वाकतं, आणि मग बॉल सरळ सुटत नाही. म्हणून गॅस बारीक ठेवायचा, पाणी नुसतं वाफाळू द्यायचं, त्यात थोडं पांढरं व्हिनेगर (माडाचं नको, त्याला स्वतःचा रंग असतो), आणि हेड चिमट्यानं फिरवत राहायचं. जाळी आधी उतरवायची, नाहीतर दोऱ्यांखाली पांढरे चट्टे राहतात. बाहेर काढलं की लगेच गार पाण्यात. भांडं मात्र पुन्हा स्वयंपाकाला नको.

आणखी एक. नायलॉन पाणी पितं आणि लवचीक होतं. आपल्याकडे जुलैत हवाच ओली असते, ते सुकणार कधी? मी तर दिवाळीनंतरच रंगवा म्हणेन. गडद रंग पुन्हा फिका करणं अवघड, तेव्हा रंग नीट ठरवून घ्या. पॉलिकार्बोनेटच्या (दुसऱ्या एका कडक प्लास्टिकच्या) हेडवर हा रंग नीट चढत नाही, खटाटोप करू नका.