समर्थन मूल्याला (सरकारी हमीभावाला) गहू विकला, पण एका 'राव'ने रडवलं

2025 च्या रब्बीचा अनुभव आहे, डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही इंदूरला राहतो, शेती शहराबाहेर अर्ध्या तासावर, बाबांच्या नावावर. त्या वर्षी केंद्र सरकारचे 2425 आणि राज्याचा बोनस 175, असे 2600 रुपये क्विंटलला मिळणार होते, मंडीत व्यापारी त्याच्या खालीच बोलत होते, म्हणून म्हटलं सरकारी खरेदी केंद्रावरच देऊ.

नोंदणी मोबाईलवरून होते, फुकट. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा कियोस्कवाला 50 रुपये घेतो, तेही ठीक. फॉर्म भरला आणि स्टेटस आलं, सत्यापन लंबित, म्हणजे पडताळणी बाकी. का? तर खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, बाबांचं नाव माधवराव आणि आधारवर नुसतं माधव. आता मराठी घरात कागदावर राव कधी लागतो कधी गळतो, हे त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार! नावात फरक निघाला की तहसीलातून पडताळणी व्हावी लागते, तोवर केंद्रावर गहू न्यायचा स्लॉट बुक होत नाही.

पटवारी, म्हणजे आपले तलाठी, म्हणाले तहसीलात जा. तहसीलातला बाबू म्हणाला पटवारीचा रिपोर्ट आणा. रिपोर्ट नेला तर म्हणे शपथपत्र लागेल, ते स्टॅम्पवर करून नेलं तर दुसऱ्या टेबलवरचा म्हणतो, "इसकी तो जरूरतई नहीं थी भिया." मग साहेब मीटिंगमध्ये, मग साहेब दौऱ्यावर, मग सर्व्हर डाउन. इकडे हार्वेस्टर फिरून गेलेलं, गहू आंगणात ताडपत्रीखाली, आणि संध्याकाळ झाली की पश्चिमेकडे ढग. बाबा रोज विचारायचे, झालं का रे, आणि मी काय सांगणार की तुम्ही तुम्हीच आहात हे अजून सिद्ध व्हायचंय! शेजारच्यांचंही असंच अडकलेलं, त्यांना सोसायटीचं कर्ज फेडायचं होतं, थांबणं परवडेना, ते मंडीत कमी भावाने देऊन मोकळे झाले. योजना चांगली आहे हो, पण ज्याला थांबता येतं त्यालाच ती पुरते.

शेवटी कामाला आली ती जुनी पावती, म्हणजे जमिनीची ऋण पुस्तिका, त्यात बाबांचा तरुणपणचा फोटो आणि आजोबांचं नाव. साहेबांनी फोटो बघितला, बाबांकडे बघितलं, हसले, आणि दोन मिनिटांत अप्रूव्ह. ही पुस्तिका पहिल्याच दिवशी सोबत न्या, आणि ज्यांचं नाव आहे त्या माणसालाही घेऊन जा, नुसत्या झेरॉक्सने बाबू हलत नाही.

पुढे काहीच त्रास नाही. स्लॉट, तोल, पोत्यांना शिलाई, सगळं एका दिवसात. ओलावा 12 टक्क्यांच्या आत ठेवा आणि गहू घरीच चाळून न्या, नाहीतर केंद्रावर छन्ना (चाळणी) लावायला सांगतात आणि ट्रॉली लाईनमधून बाजूला जाते.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, तुम्हाला हव्या त्या नाही. बाबांचे भलत्याच जुन्या बँकेत गेले, पासबुक शोधण्यात एक दुपार गेली, म्हणून कुठलं खातं जोडलंय ते आधीच बँकेत विचारून घ्या. जॉइंट खातं चालत नाही.

आणि हो, दुसऱ्याची शेती सिकमी किंवा बटाईने (खंडाने किंवा वाट्याने) करत असाल तर मोबाईल, कियोस्क कशाच्याच नादी लागू नका, ती नोंदणी फक्त सहकारी समितीच्या केंद्रावरच होते.